ग्राफिक्स कार्ड निवडताना घातलेला हिशोब



आजची नोंद पिकावर नाही. भात झोडून झालं, पेंढा रचून झाला, आणि गेले पंधरा-वीस दिवस आमच्या घरात एकाच गोष्टीवर बोलणं चाललंय. पोराच्या गेमिंग कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड कोणतं घ्यायचं? भोर-वेल्ह्याकडं पुष्कळांच्या घरी हा विषय आज ना उद्या येणार. दुकानदार म्हणतो म्हणून, नाहीतर पोराचा मित्र म्हणतो म्हणून तीस-तीस हजार रुपये देण्याआधी चार गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या. म्हणून जे समजून घेतलं ते क्रमानं लिहून ठेवतो.

पहिली गोष्ट म्हणजे कारण खरं सांगायचं. "अभ्यासाला पाहिजे" असं पोरं म्हणतात आणि आपणही पाहुण्यांना तेच सांगतो. पण अभ्यास, सातबारा काढणं, विम्याचा फॉर्म भरणं, यूट्यूब बघणं, हिशोब लिहिणं याला ग्राफिक्स कार्ड लागतच नाही. प्रोसेसरच्या आतच थोडी ग्राफिक्सची सोय असते, त्यावर हे सगळं चालतं. एएमडीच्या ५६००जी सारख्या प्रोसेसरवर तर हलके गेमसुद्धा चालतात. एक ध्यानात ठेवा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नंबरामागं एफ असतो, उदाहरणार्थ १२१००एफ, त्यात ही आतली सोय नसते. तो घेतला की कार्ड घ्यावंच लागतं, नाहीतर पडद्यावर काही दिसत नाही.

आमच्या पोरानं सरळ सांगितलं, "दादा, मला खेळायलाच पाहिजे." मला ते बरं वाटलं. यंदा आवणीला आणि कापणीला तो गड्यासारखा राबला. बाहेरचा माणूस लावला असता तर जी मजुरी दिली असती ती त्याच्या नावावर धरली. त्याच्या आईचं म्हणणं होतं, खळ्यावर पत्रा टाकायचा राहिलाय, तो आधी टाकू. तिचंही चूक नव्हतं. शेवटी असं ठरलं की पत्रा पुढच्या साली, पण कार्डाला तीस हजारांच्या वर एक रुपया नाही, आणि घेतलं ते पाच वर्षं चाललं पाहिजे. या दोन अटींवर पुढचा सगळा हिशोब बसवला.

आता हे कार्ड काय काम करतं ते बघू. कॉम्प्युटरचा पडदा म्हणजे बारीक ठिपक्यांचं खाचर. साध्या फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६००. गेम नीट हलता दिसायला सेकंदाला निदान ६० चित्रं लागतात. म्हणजे एका सेकंदात १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचे रंग ठरवायचे. प्रोसेसर हुशार असतो, पण त्याच्याकडं माणसं थोडी, सहा किंवा आठ. ग्राफिक्स कार्डाकडं साधं काम करणारी माणसं हजारोंनी. आरटीएक्स ४०६० या कार्डात असे ३०७२ कोअर आहेत. इर्जिकीला सगळी वाडी एका ओळीत उभी राहून आवणी करते ना, तसंच हे काम. एकेकाचं काम सोपं, पण सगळे एकदम वाकले की खाचर बघता बघता हिरवं होतं.

या "एकदम वाकण्या"लाच आज जगात किंमत आहे. एनव्हिडिया कंपनी १९९३ साली निघाली ती गेमच्या चित्रांसाठी, आणि आज एआय चालतं ते मोठ्या प्रमाणात अशाच चिपांवर. आपल्याच जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात खोडदला त्या मोठ्या ३० रेडिओ दुर्बिणी आहेत. आकाशातून येणाऱ्या लहरींचा हिशोब करायला तिथंही आता ग्राफिक्स चिपा वापरतात. पुण्याच्या सी-डॅकचा परम सिद्धी हा महासंगणक नोव्हेंबर २०२० मध्ये जगाच्या यादीत ६३ वा आला, तोही याच जातीच्या चिपांवर. तेव्हा ही वस्तू नुसतं खेळणं आहे असं समजून हसण्यात अर्थ नाही. पण आपण घेतोय ते खेळायलाच, हेही विसरायचं नाही.

कार्डाच्या शेजारचा माणूस कोण आहे तेही बघावं लागतं. आवणीला लावणाऱ्या वीस बाया आणल्या आणि तरवा उपटणारे दोघंच असले, तर बाया बांधावर बसून राहतात. प्रोसेसर तरवा उपटून मुठी पुरवतो, कार्ड लावतं. जुन्या, हळू प्रोसेसरला भारी कार्ड जोडलं तर कार्ड निम्मा वेळ वाट बघत बसतं. पैसे मात्र पूर्ण दिलेले असतात.

आता नंबरांचं बघू. खताच्या पोत्यावर १०:२६:२६ लिहिलं की आत काय आहे ते कळतं. कार्डावरचा नंबर तसा नसतो, ते नुसतं नाव असतं. आरटीएक्स ४०६० मध्ये ४० म्हणजे पिढी आणि ६० म्हणजे त्या पिढीतला दर्जा. पन्नासवाला हलका, साठवाला मधला, सत्तर-ऐंशीवाले भारी. मागच्या पिढीच्या आरटीएक्स ३०६० मध्ये कोअर ३५८४, म्हणजे जास्त. तरी बहुतेक गेममध्ये कमी कोअरचं ४०६० पुढं जातं. नव्या वाणाचं कणीस लहान दिसलं तरी उतारा जास्त पडतो, तसलाच प्रकार. म्हणून कागदावरचा एकच आकडा धरून दोन पिढ्यांची तुलना करू नका.

याहून मोठी फसगत एकाच नावाच्या दोन कार्डांत होते. जीटी १०३० नावाचं स्वस्त कार्ड आधी जीडीडीआर५ मेमरीचं आलं आणि नंतर त्याच नावानं डीडीआर४ मेमरीचं आलं. पहिल्याची मेमरी सेकंदाला ४८ जीबी वाहते, दुसऱ्याची १७ सुद्धा नाही. खोकं जवळपास सारखंच. आरटीएक्स ३०६० चंही तसंच, १२ जीबीवालं वेगळं आणि नंतर आलेलं ८ जीबीवालं वेगळं. ८ जीबीवाल्यात मेमरीचा रस्ताही १९२ वरून १२८ बिटचा केलेला. बियाण्याची पिशवी घेताना आपण नुसतं वाणाचं नाव बघत नाही, लॉट नंबर आणि तारीखही बघतो. इथं नावाबरोबर मेमरी किती, कोणत्या जातीची आणि किती बिटची, ही तीन उत्तरं दुकानदाराकडून घ्या. सांगायला टाळाटाळ झाली तर दुसरं दुकान बघा.

कार्ड ठरवायच्या आधी पडदा ठरवा. फुल एचडीच्या वरचा जो १४४० चा पडदा येतो त्यात ठिपके पावणेदोन पटींहून जास्त, आणि फोरके पडद्यात बरोबर चौपट. चौपट ठिपके म्हणजे जवळपास चौपट काम. एक एकराला जेवढी माणसं लागतात त्यांच्याकडून चार एकर एका दिवसात उरकणार नाही. दुकानात फोरके पडद्यावर गेम सुंदर दिसतो, पण तो पडदा घेतला की कार्डही त्याच मापाचं लागतं आणि बजेट दुप्पट होतं. आमच्या खोलीत टेबल आणि खुर्चीत दोन हात अंतर. तिथं २४ इंची फुल एचडी भरपूर झाला. पडदा छोटा धरला तिथंच निम्मा खर्च आवाक्यात आला.

मग मेमरी. कार्डावरच्या मेमरीला व्हीरॅम म्हणतात. बांधावर हाताशी ठेवलेल्या तरव्याच्या मुठी समजा. मुठी संपल्या आणि लांबच्या वाफ्यावरून आणायला लागल्या की ओळ थांबते. गेममध्ये तेव्हा चित्र अडखळतं. आज फुल एचडी पडद्याला ८ जीबी चालते, पण काही नवे मोठे गेम सगळं भारी करून ठेवलं की ८ जीबी भरून टाकतात. तिथं सेटिंग एक पायरी खाली घ्यावं लागतं. १२ किंवा १६ जीबी असेल तर ती वेळ उशिरा येते.

पोराचा मुख्य गेम कोणता, तर फार्मिंग सिम्युलेटर! मला आधी हसू आलं. दिवसभर चिखलात आणि रात्री परत शेतीच. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या त्याच्या २५ क्रमांकाच्या आवृत्तीत भाताची शेती आलीय. पाण्यानं भरलेली खाचरं, लावणीचं यंत्र, पाणम्हशीसुद्धा. रानडुकरं मात्र दिसली नाहीत, एवढं सुख त्या शेतकऱ्याला आहे. दुसरा गेम मित्रांबरोबर खेळायचा व्हॅलोरंट, तो तसा हलका. गेमच्या पानावर किमान कार्ड कोणतं आणि शिफारस कोणती हे लिहिलेलं असतं. पोरानं खेळायच्या पाच गेमची यादी केली आणि प्रत्येकापुढं शिफारशीचं कार्ड लिहिलं. त्यातलं सगळ्यात भारी जे आलं त्याच्या एक पायरी वर घ्यायचं, अशी रीत ठेवली. माती परीक्षण करून खताचा डोस ठरवतो तसं.

यादीत शेवटी तीन नावं उरली. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६०, ८ जीबी, ११५ वॅट. इंटेलचं आर्क बी५८०, १२ जीबी, १९० वॅट. एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी, १६ जीबी, १६० वॅट. तिसरं सगळ्यांत चांगलं, पण आम्हाला सांगितलेला भाव तिसाच्या बराच वर गेला, त्यामुळं ते गळालं. राहिली दोन. इंटेलच्या कार्डात मेमरी जास्त, पण त्याला रिसायझेबल बार नावाची सोय असलेला नवा मदरबोर्ड आणि बऱ्यापैकी ताकदीचा प्रोसेसर लागतो, नाहीतर ते मागं पडतं.

आणि इथं आमच्याकडच्या विजेचा प्रश्न आला. विहिरीवर मोटर बसवताना आपण नुसते एचपी बघत नाही. पाणी किती खोल, पाइप किती इंची, डीपीवर लोड किती, हे बघतो. कॉम्प्युटरचंही तेच. आम्ही आठ दिवस रोज तीन वेळा मल्टिमीटरनं व्होल्टेज मोजून वहीत लिहिलं. सकाळी २३० च्या आसपास, संध्याकाळी सात-आठला १८० ते १९०, मध्यरात्री २५० च्या वर. पावसाळ्यात फांदी पडली की वीज गेलीच. पोराच्या खेळायच्या वेळा नेमक्या संध्याकाळच्या.

कमी व्होल्टेज चांगल्या एसएमपीएसला सोसतं. त्याच्या पट्टीवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय का ते बघा, काहींवर २०० ते २४० असतं. धोका जास्त व्होल्टेजचा आणि वीज जाऊन एकदम परत येण्याचा. म्हणून एव्हीआर असलेला यूपीएस घ्यायचाच होता. एक केव्हीएचा साधा यूपीएस सुमारे ६०० वॅट देतो. आता बेरीज बघा. कार्ड ११५, प्रोसेसर ९० पर्यंत, बाकीचे भाग ५०, पडदा ३०. झाले २८५ वॅट. यूपीएसवर निम्म्याहून कमी लोड, वीज गेली तर गेम सेव्ह करून बंद करायला पुरेसा वेळ. १९० वॅटच्या कार्डानं हीच बेरीज ३६० वर जाते. चालेल, पण वेळ कमी मिळेल, बॅटरीवर ताण जास्त. बिलाचंही बघा. ७५ वॅटचा फरक, रोज तीन तास, महिन्याला पावणेसात युनिट.

आणि घरातला जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर कॉम्प्युटरला जोडू नका. आजच्या बऱ्याच एसएमपीएसना ती वीज मानवत नाही. अर्थिंग तपासून घ्या. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर वायरमनला बोलवा. वळवाच्या आणि परतीच्या पावसात वीज कडाडायला लागली की प्लग काढा, इंटरनेटची वायरसुद्धा.

एसएमपीएसवर पैसे वाचवू नका. ४०६० ला कंपनी ५५० वॅटचा सांगते. काही अनोळखी स्वस्त डब्यांवर ५०० लिहिलेलं असतं आणि आत तेवढा दम नसतो. चांगल्या नावाचा, ८० प्लसचा शिक्का असलेला घ्या. भारी मोटर आणि हलकी केबल लावली तर आधी काय जळतं हे तुम्हाला सांगायला नको.

हवापाण्याचं सांगतो, कारण पुण्यातला दुकानदार हे सांगणार नाही. वेल्ह्याच्या बाजूला जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींना ओल येते. कॉम्प्युटर भिंतीपासून वीतभर लांब आणि जमिनीपासून उंच ठेवा. पावसाळ्यात रोज निदान अर्धा तास चालू करा, आतली ऊब दमटपणा घालवते. वरून प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो. झोडणीच्या दिवसांत भाताचं कूस पंख्यांत जातं. जाळी असलेली कॅबिनेट घ्या आणि महिन्याला ब्रशनं साफ करा. पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मेमध्ये कार्ड तापलं की स्वतःच वेग कमी करतं. दुपारी खेळणं बंद ठेवलेलं बरं. मागच्या मोकळ्या फटींना पत्रे लावा, नाहीतर उंदीर, पाल आणि मुंग्या आत संसार मांडतात.

खरेदी करताना कार्डाची लांबी मिलिमीटरमध्ये विचारा आणि कॅबिनेटमध्ये बसतं का ते आधी बघा. तीन पंख्यांची काही कार्डं ३०० मिलिमीटरच्या वर जातात. बिल जीएसटीचंच घ्या आणि त्यावर कार्डाचा सिरीयल नंबर लिहून घ्या. कार्डावर १८ टक्के जीएसटी आहे. बिनबिलाचं स्वस्त पडतं, पण तीन वर्षांची वॉरंटी त्या बिलावरच उभी असते. पुण्याहून आणताना कार्ड बोर्डावरून काढून त्याच्या खोक्यात आणा. पाबे घाटातून आणा की नसरापुराकडून, खड्ड्यांत जड कार्ड हिसके देतं आणि स्लॉट मोडतो. घरी जोडल्यावर पडद्याची वायर कार्डाला लावा, मदरबोर्डाला नको. नाहीतर कार्ड असून त्याचा उपयोग होत नाही.

जुनं कार्ड घ्यावं का? भाव बघून मोह होतो. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचं कार्डावर चालणारं खाणकाम बंद झालं आणि रात्रंदिवस राबवलेली पुष्कळ कार्डं बाजारात आली. सगळी वाईट नसतात. पण बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो, खांद्याला हात लावतो. इथंही अर्धा तास समोर गेम चालवायला लावा. पडद्यावर रंगीत ठिपके किंवा रेघा येतात का, पंखा खरखरतो का, ते बघा. जीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर लावून नाव खरं आहे का तपासा. जुन्या कार्डाला नव्याचं नाव देऊन विकणारे आहेत. मूळ बिल नसेल तर भाव आणखी पाडा, नाहीतर सोडून द्या. आम्ही हा रस्ता धरला नाही, कारण पाच वर्षांची अट होती.

शेवटी ४०६० घेतलं. भाव अठ्ठावीस हजारांच्या आत बसला. पोराला मनातून १२ जीबीवालं पाहिजे होतं आणि त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तीन-चार वर्षांनी त्याला काही गेममध्ये सेटिंग खाली घ्यावं लागेल, हे त्यालाही माहीत आहे. पुण्यात राहणाऱ्या, सरळ वीज असणाऱ्या भाच्यानं विचारलं असतं तर मी १२ जीबीवालंच घे म्हणालो असतो. पण एकच कार्ड सगळ्यांना चांगलं असं नसतं. इंद्रायणी भात आमच्या खाचरात जसा येतो तसा तो सगळ्या रानांत येईल का? आपली खोली, आपली वीज, आपला पडदा आणि आपले पाच गेम, या मापात जे बसेल ते आपलं. उरलेले दोन हजार आणि थोडे वरचे घालून यूपीएस घेतला. त्याच्या आईला विचारून, हे मुद्दाम सांगतो.

तुमच्या घरी हा विषय निघाला तर पोराबरोबर वही घेऊन बसा. यादी त्याला करू द्या, मल्टिमीटर तुम्ही धरा.

पुढची नोंद भातानंतर पेरलेल्या वाल-पावट्यावर, मावा दिसायला लागलाय.